एकोणपन्नास डॉलर, पंच्याण्णव सेंट

कवीला माइकसमोर बसवलं की तो कविता म्हणणार, असा तुमचा समज झाला असेल. आज तसं होणार नाही. आज मी एका किमतीबद्दल बोलणार आहे. एकोणपन्नास डॉलर आणि पंच्याण्णव सेंट.

ही किंमत नोव्हेंबर १९८३ मध्ये ‘बाइट’ नावाच्या अमेरिकी मासिकातल्या एका जाहिरातीत छापून आली. वस्तूचं नाव होतं टर्बो पास्कल. सुताराला जसा रंधा लागतो, शिंप्याला मशीन लागतं, तसं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही एक हत्यार लागतं. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवणारा हा एक दुभाषीच. त्याला कंपायलर म्हणतात. त्या काळी अमेरिकेत असा दुभाषी काही शे डॉलरला मिळे. आणि इथे बोरलँड नावाची, कुणी फारशी न ऐकलेली एक नवी कंपनी तो पन्नास डॉलरच्या आत, टपालाने घरपोच देऊ म्हणत होती. एवढ्या स्वस्तात मिळते म्हणजे वस्तू खेळण्यातलीच असणार, असं अनेकांना वाटलं. ती तशी नव्हती.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. संगणकाची भाषा मला लिहिता येत नाही. पण माझा भाचा गेली वीस-बावीस वर्षं याच पास्कलच्या घराण्यातल्या भाषेवर पोट भरतो. तालुक्याच्या गावातल्या पाच-सहा पतसंस्थांचे हिशेब त्याच्या प्रोग्रॅमवर चालतात. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर चहा पीत बसून मी जे ऐकलं आणि मग चिकाटीने वाचून काढलं, ते तुमच्यापुढे ठेवतो आहे. आमच्या घरात दख्खनी बोलतात, पण संगणकाचा विषय निघाला की आम्ही मामा-भाचे दोघेही आपोआप मराठीवर येतो. का, ते ठाऊक नाही.

तर पास्कल. ही भाषा स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये तयार केली, मुख्यतः विद्यार्थ्यांना शिस्तीत प्रोग्रॅम लिहायला शिकवण्यासाठी. विर्थ २०२४ च्या पहिल्या दिवशी वारले. त्यांच्या भाषेचा एक नियम मला फार आवडतो. पुढे जे जे वापरणार, ते आधी जाहीर करायचं. ‘शिल्लक’ नावाची रक्कम वापरायची असेल, तर अशा नावाची एक रक्कम असेल आणि ती अमुक प्रकारची संख्या असेल, हे सुरुवातीलाच लिहायचं. मध्येच कुठून तरी नवं नाव काढलं तर दुभाषी अडून बसतो. गझल लिहिणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मतल्यातच रदीफ आणि काफिया जाहीर होतो आणि मग प्रत्येक शेराला तो पाळावा लागतो. पाचव्या शेरात काफिया बदलला तर मैफलीत लोक दाद देत नाहीत, एकमेकांकडे बघतात.

या शिस्तीचा एक व्यावहारिक फायदा आहे, आणि किमतीची गोष्ट तिथूनच सुरू होते. सगळं आधी जाहीर झालेलं असेल तर दुभाष्याला मजकूर वरून खाली एकदाच वाचावा लागतो. मागे जाऊन ‘हे काय होतं बरं’ म्हणून पुन्हा शोधावं लागत नाही. डेन्मार्कमधल्या अँडर्स हेल्सबर्ग या तरुणाने नेमका असा एकाच वाचनात काम उरकणारा पास्कल कंपायलर लिहिला होता. टर्बो पास्कलचं बीज ते. त्या वेळच्या छोट्या संगणकांत स्मृती किती, तर बहुधा चौसष्ट किलोबाइट. आज आपण मोबाइलवर काढतो त्या एका फोटोलाही ती पुरायची नाही. हेल्सबर्गनी दुभाषी आणि मजकूर लिहायची पाटी हे दोन्ही मिळून चाळीस किलोबाइटच्या आत बसवलं. उरलेल्या जागेत तुमचा प्रोग्रॅम.

इतर कंपन्यांच्या दुभाष्यांबरोबर काम कसं चाले? एका प्रोग्रॅममध्ये मजकूर लिहायचा, फ्लॉपीवर साठवायचा. तो बंद करून दुभाषी बोलवायचा. तो एक वाचन करणार, मग दुसरं. मग तुकडे जोडणारा तिसराच प्रोग्रॅम. मध्ये फ्लॉप्या काढा-घाला. एवढं झाल्यावर कळायचं, की चौदाव्या ओळीत एक अर्धविराम राहिला. टर्बो पास्कलमध्ये पाटी आणि दुभाषी एकाच जागी, फ्लॉपीकडे न जाता स्मृतीतल्या स्मृतीत काम. एक कळ दाबली की चूक सापडलेल्या जागी कर्सर जाऊन उभा. दुरुस्त करा, पुन्हा कळ दाबा. शिकणाऱ्याला हा फरक केवढा वाटत असेल, ते ज्याने मुद्रितशोधनासाठी आठ-आठ दिवस वाट पाहिली आहे त्याला कळेल.

माझा मुद्दा असा, की ती किंमत आणि हे कसब या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. वस्तू आटोपशीर होती, एका फ्लॉपीवर मावत होती, सोबत एक पुस्तक दिलं की झालं. विकायला माणसं पाठवायची नव्हती, समजवायला माणसं ठेवायची नव्हती. म्हणून ती पन्नास डॉलरच्या आत परवडत होती. आणि पन्नास डॉलरच्या आत होती म्हणून ती कचेरीच्या खर्चात न घालता माणसं स्वतःच्या खिशातून घेत होती. पहिल्या काही वर्षांतच विक्री लाखांच्या घरात गेली.

कंपनीचे प्रमुख फिलीप काहन हे फ्रान्समधून आलेले गृहस्थ. जाहिरातीला पैसे नव्हते, तेव्हा मासिकाचा माणूस भेटायला येणार त्या दिवशी त्यांनी कचेरीत माणसांची वर्दळ उभी केली, धंदा जोरात आहे असं भासवलं आणि उधारीवर जाहिरात मिळवली, असा किस्सा पुढे त्यांनीच सांगितला आहे. हेच काहन १९९७ मध्ये मुलीच्या जन्मावेळी मोबाइल फोनला कॅमेरा जोडून तिचा फोटो लगेच सगळ्यांना पाठवणारे म्हणूनही ओळखले जातात. माणूस खटपट्या, हे खरं.

त्यांची आणखी एक गोष्ट मला कवी म्हणून जास्त भावली. त्या काळी सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून फ्लॉपीला कुलुपं घालत आणि सोबत वकिली भाषेतला करारनामा देत. बोरलँडने कुलूप घातलं नाही, आणि करारात साध्या भाषेत सांगितलं, की ही वस्तू पुस्तकासारखी वापरा. पुस्तक तुम्ही या खोलीतून त्या खोलीत नेता, मित्राला वाचायला देता. एका वेळी एकाच जागी ते असतं, एवढं पाळा म्हणजे झालं.

आपल्याकडचा कायदाही हेच म्हणतो, हे फार लोकांना माहीत नसतं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने त्यातल्या ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत संगणकाचा प्रोग्रॅम घातला गेला. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात माझी कविता आणि भाच्याचा कर्जवसुलीचा प्रोग्रॅम एकाच बाकावर बसतात. दोघांनाही लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं संरक्षण. ‘मामू, साठ वर्षांनी माझा प्रोग्रॅम कोण चालवणार?’ असं तो विचारतो. माझ्या कवितासंग्रहाबद्दल त्याला तसं विचारायचं धाडस होत नाही, एवढाच फरक.

भारतात काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. १९८३ मध्ये डॉलर दहा रुपयांच्या आसपास होता. म्हणजे पाचशे रुपये. रक्कम मोठी, पण जमवणाऱ्याला जमली असती. डॉलर मात्र पाठवायचे कसे? तेव्हा १९७३ चा परकीय चलनाचा फेरा कायदा होता, अमेरिकेला टपालाने पन्नास डॉलर धाडणं ही साध्या माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. त्यामुळे बोरलँडची हत्यारं आपल्याकडे आली ती मुख्यतः एका फ्लॉपीवरून दुसरीवर उतरत. पास्कलपेक्षा तिची धाकटी भावंडं, टर्बो सी आणि टर्बो सी प्लस प्लस, गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासेसमध्ये पसरली. तो निळा पडदा महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी पाहिला. कंपनीने त्या आवृत्त्या सोडून दिल्यावरही कित्येक कॉलेजांत नव्या विंडोजवर कसरत करून तोच निळा पडदा चालवत. फुकट मिळालेली वस्तू लोक लवकर टाकत नाहीत, हे तर झालंच. पण ते हत्यार साधं होतं आणि शिकणाऱ्याच्या हातात बसत होतं, हेही तितकंच खरं.

पुढची गोष्ट जरा भरभर सांगतो, कारण ती कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची आहे. १९९५ मध्ये बोरलँडने डेल्फी काढली. भाषा पास्कलच, पण आता पडद्यावर बटणं आणि चौकटी हाताने मांडायच्या आणि त्यांच्या मागे मजकूर लिहायचा. हेल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले, तिथे त्यांनी सी-शार्प आणि पुढे टाइपस्क्रिप्ट या भाषा घडवल्या. बोरलँड मोठ्या कंपन्यांना गिऱ्हाईक करायच्या मागे लागली, १९९८ मध्ये नाव बदललं, २००१ मध्ये पुन्हा जुनं घेतलं. २००८ मध्ये डेल्फीचा धंदा एम्बार्काडेरो या कंपनीने विकत घेतला, आणि २०१५ मध्ये त्या कंपनीलाच आयडेराने.

या प्रवासात किंमत चढत गेली आणि तिचे मजले झाले. एक आवृत्ती साध्या कारागिरासाठी, एक मोठ्या कचेरीसाठी, एक त्याहूनही वरची. आत दुभाषी तोच, भाषा तीच. फरक कशात? तर दुसऱ्या यंत्रावरच्या मोठ्या डेटाबेसशी थेट जोडायची सोय वरच्या मजल्यावर. पतसंस्थेचा हिशेब लिहिणाऱ्याला हवं असतं नेमकं तेच. आज साध्या आवृत्तीची किंमतही हजार डॉलरच्या पुढे आहे, वरच्यांची त्याहून कितीतरी जास्त.

याला लबाडी म्हणायला मी तयार नाही. ज्यांचं पोट फक्त हत्यार विकण्यावर आहे त्यांनी काय करावं? शेजारी मायक्रोसॉफ्टने २०१४ पासून आपल्या व्हिज्युअल स्टुडिओची एक भरभक्कम आवृत्ती एकट्यादुकट्याला आणि छोट्या गटांना फुकट दिली. मायक्रोसॉफ्टला ते परवडतं, कारण तिचं उत्पन्न दुसरीकडून येतं. हत्यार फुकट, पण लाकूड आमच्याच वखारीतून घ्या, असा तो हिशेब. ज्याच्याकडे वखार नाही तो किंमत वाढवतो. किंमत वाढली की नवा शिकणारा येत नाही. नवा आला नाही की जुन्यांवरच सगळा भार, म्हणून पुन्हा वाढ. जुने जाणार कुठे? त्यांची वीस वर्षांची मेहनत त्याच भाषेत लिहिलेली. मला स्वतःला फुकटापेक्षा ते पन्नास डॉलरच बरे वाटतात. त्यात देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हिशेब समोरासमोर मिटतो.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. माझ्या भाच्याने भागीदारीत विकत घेतलेली डेल्फी ७ ही आवृत्ती २००२ ची. उत्तम चालते. अडचण एकच. तिला मराठी येत नाही.

म्हणजे असं, की त्या आवृत्तीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि एका बाइटमध्ये दोनशे छप्पन खुणा. त्यातल्या बहुतेक इंग्रजी आणि युरोपी अक्षरांनी अडवलेल्या. देवनागरीला जागाच नाही. मग आपल्याकडच्या फाँटवाल्यांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. यंत्राला वाटे इंग्रजी, डोळ्याला दिसे मराठी. मी वर्षानुवर्षं डीटीपीवर जे काही टाइप करून घेतलं, ते सगळं असंच. तो फाँट नसलेल्या संगणकावर माझा पहिला संग्रह उघडला तर बाराखडीऐवजी इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो. प्रत्येक फाँटवाल्याची मांडणी वेगळी, त्यामुळे भुगाही वेगवेगळा.

जगातल्या सगळ्या लिप्यांना स्वतःची जागा देणारी युनिकोड पद्धत १९९१ मध्ये आली, तेव्हापासून देवनागरीला तिच्यात घर आहे. विंडोज २००० मध्ये ती संगणकावर उमटूही लागली. डेल्फीत मात्र ती अंगभूत झाली ती २००८ मध्ये आलेल्या ‘डेल्फी २००९’ पासून. त्या दिवसापासून डेल्फीत एक खूण म्हणजे दोन बाइट. ज्यांनी एक अक्षर एक बाइट धरून हजारो ओळी लिहिल्या होत्या, त्यांना त्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागल्या. आणि दोन बाइट झाले तरी गणित सुटत नाहीच. ‘श्री’ घ्या. आपल्याला दिसतं एक अक्षर. वृत्तात मी त्याला एक गुरू धरतो, दोन मात्रा. यंत्र मोजतं चार खुणा: श, हलन्ताचा पाय, र आणि दीर्घ वेलांटी. पासबुकावर नावासाठी तीस घरं ठेवली असतील तर कुणाचं नाव कुठे तुटेल, सांगता येत नाही.

भाच्याच्या पतसंस्थांत हजारो खातेदारांची नावं जुन्या फाँटच्या भुग्यात साठवलेली आहेत. त्यातून एक मौज होते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती डावीकडे दिसते. त्यामुळे नावं अकारविल्ह्याने लावायला सांगितली, की किशोर, विलास, शिंदे, मिर्झा हे सगळे एका रांगेत उभे राहतात. वेलांटीवाल्यांचा वेगळा मोहल्लाच. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. म्हणून भुग्यातून नाव बाहेर काढताना वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या, पलीकडे ठेवावी लागते. रफाराचं याच्या उलट. तो जुन्या पद्धतीत शेवटी येतो, युनिकोडमध्ये त्याला मागे नेऊन अर्धा ‘र’ म्हणून आधी बसवावं लागतं. ‘मिर्झा’ या एका नावात दोन्ही आहेत. वेलांटी पुढे न्या, रफार मागे आणा, तेव्हा कुठे मिर्झासाहेब खातेदार म्हणून ओळखू येतात.

हे सगळं करायचं तर नवी आवृत्ती हवी. तिची एक फुकट आवृत्ती २०१८ पासून मिळते, पण ती वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी. आपल्या रुपयांत चार-साडेचार लाख. भाच्याची पतसंस्थांकडून येणारी वर्षाची देखभाल फी या रेषेच्या जराशी वर जाते. अमेरिकेत हौशी माणूस आणि धंदेवाला यांच्यामध्ये ओढलेली रेघ आमच्या तालुक्यात एका संसारातून जाते. त्याला दोन मुली, थोरली यंदा बारावीला. ‘मामू, तिच्या क्लासची फी भरू की डेल्फीची?’ असं त्याने एकदा विचारलं. हसत विचारलं, पण उत्तरासाठी थांबला.

उत्तर माझ्याजवळ नव्हतं. त्यानेच शोधलं. पास्कल जाणणाऱ्या जगभरच्या स्वयंसेवकांनी १९९० च्या दशकात फ्री पास्कल नावाचा खुला कंपायलर लिहायला घेतला, आणि १९९९ पासून त्यावर लॅझरस नावाचं, तोंडवळ्याने डेल्फीसारखं हत्यार उभं केलं. त्याला युनिकोड येतं, डेटाबेसचे दरवाजे उघडे आहेत, उत्पन्नाची अट नाही. फुकट म्हटलं तरी त्याची किंमत आहेच. डेल्फीत लिहिलेलं जसंच्या तसं तिथे चालत नाही. विकत घेतलेले काही सुटे भाग तिथे बसत नाहीत, ते पुन्हा लिहावे लागतात. अडलं तर फोन करून विचारावं असं कुणी नाही. दिवसा पतसंस्थांची कामं, रात्री हे, असं गेले आठ महिने चाललं आहे. या रात्रींचं बिल तो कुणाला लावणार? पतसंस्थेचे संचालक म्हणतात, ‘आमचं तर चालूच आहे की.’

नावं बदलणारा छोटा प्रोग्रॅम मात्र तयार झाला आहे. त्यातून निघालेल्या याद्या वाचायचं काम माझ्याकडे आहे, कारण ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं बघायची सवय मला आहे. दोन पतसंस्थांची नावं वाचून झाली. तिसरीच्या यादीत कऱ्हाडकर आणि बऱ्हाणपुरे पुष्कळ निघाले. आपल्या मराठीतला हा अर्धचंद्रासारखा ‘ऱ’ जुन्या फाँटमध्ये स्वतंत्र तुकडा होता, आणि भाच्याच्या तक्त्यात तो नव्हता. त्यामुळे सगळ्या कऱ्हाडकरांच्या डोक्यावर रफार चढला होता. मी पेन्सिलीने खुणा करून यादी परत दिली. त्याने तक्त्यात एक ओळ वाढवली, पुन्हा चालवून बघितलं आणि मला फोन केला, ‘मामू, कऱ्हाडकर उतरले. आता पुढची यादी पाठवतो.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)